उपग्रह-दूरध्वनी, मनुष्यदेह आणि औषधोपचाराची यंत्रे
दुष्काळी कामावरील स्वयंसेवकांस व वर्गणीदारांस खुलासा

समितीच्या अहवालात चारा, पाण्याचे टँकर, धान्य व वर्गणी ह्यांचा हिशेब द्यावयाचा, असा आमचा शिरस्ता आहे. ह्या खेपेस त्याच अहवालातील काही पाने एका यंत्रासाठी खर्ची घालावी लागत आहेत, ह्याचे पुष्कळांस नवल वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत तापीच्या खोऱ्यात उभे राहिले असता मोबाईल कोठेही लागतो. परंतु चोपडे, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांचा उत्तरेकडील भाग सातपुड्यात चढू लागला, म्हणजे कित्येक पाड्यांवर त्या खिशातल्या यंत्राचा उपयोग घड्याळापलीकडे राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी महालाची कथा तीच. पाण्याचे दुर्भिक्ष जेथे सर्वांत तीव्र, तेथेच निरोपाचेही दुर्भिक्ष. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमचे चाळीसगाव, शिंदखेडे व नंदुरबार हे तालुके होते. त्या यादीत नाव असो वा नसो, उन्हाळ्यात डोंगरातले झरे आटावयाचे ते आटतातच, आणि अशा ठिकाणी आमची मंडळी जातात तेव्हा सोबतच्या सरकारी पथकापाशी उपग्रहावरून बोलण्याचा दूरध्वनी, म्हणजे लोक ज्याला सॅटेलाइट फोन म्हणतात तो, कधी कधी असतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पाड्यावर आमचे आरोग्य-शिबिर होते. दूरध्वनी वापरण्याचे काम ज्या कर्मचाऱ्याकडे होते, त्यालाच दुपारी ऊन लागले व तो शुद्ध हरपून पडला. डॉक्टर सकाळीच खालच्या गावी गेले होते. तरुण स्वयंसेवक टँकरबरोबर घाटात उतरले होते. जवळ होते ते आमचे एक वयोवृद्ध सहकारी, निवृत्त शिक्षक. त्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे. हे यंत्र हाती घेतले तर आपले हृदय बंद पडेल, असे त्यांना कोणी तरी पूर्वी सांगितले होते. मास्तर भित्रे नव्हेत; परंतु तेथे दोन माणसे पडली तर पाहणारा कोणी उरणार नाही, असा विचार करून ते दुसऱ्या माणसाच्या शोधात पाडाभर फिरले. चाळीस मिनिटे गेली. गाडी आली, रोगी वाचला. पण तो वाचला म्हणून आमच्या हिशेबातली ती चाळीस मिनिटे पुसली जात नाहीत. मास्तरांनी तो दूरध्वनी उजव्या कानाशी धरून, किंबहुना छातीपासून हातभर दूर धरून, खुशाल वापरला असता तरी चालले असते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगणे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते.

ह्याच्या उलट गोष्ट त्याच महिन्यातली. एक उत्साही तरुण चालू स्थितीतला दूरध्वनी सदऱ्याच्या डाव्या खिशात घालून रोग्याच्या खाटेवर वाकला, आणि हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्राची रेघ वेडीवाकडी नाचू लागली. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर रोग्याकडे पाहिले, मग तरुणाच्या खिशाकडे पाहिले, आणि त्याला तंबूबाहेर घालविले. अपाय काहीच झाला नाही. तथापि खोट्या रेघेवरून खरे औषध दिले गेले असते तर काय, हा प्रश्न उरतोच.

एकीकडे नाहक भीती आणि दुसरीकडे नाहक धिटाई, अशी ही दोन टोके आहेत. दोहोंच्या मधली वाट दाखविण्यासाठी आम्ही वैद्यक व बिनतारी विद्या जाणणाऱ्या स्नेह्यांकडून समजून घेऊन हा खुलासा लिहीत आहो. आमचा धंदा वकिलीचा. तेव्हा पुरावा कोणत्या मुद्द्याचा किती, हे तपासण्याचीच आम्हास सवय.

पहिला प्रश्न असा की, साध्या मोबाईलहून हे यंत्र निराळे कसे? साध्या मोबाईलचे बोलणे दोन-चार कोसांवरच्या मनोऱ्याशी असते, आणि मनोरा जवळ असला म्हणजे तो आपला जोर आपोआप घटवितो. उपग्रह-दूरध्वनीला ती सवलत नाही. आपल्या देशात कायद्याने वापरता येणारी इन्मारसॅटची यंत्रे ज्या उपग्रहांशी बोलतात, ते विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. इतक्या दुरून ऐकू जावे म्हणून हातातले यंत्र सहसा आपल्या पुऱ्या आवाजात बोलते. ह्या लहरी सुमारे १,६०० मेगाहर्ट्‌झच्या असतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरी ह्याच कुळातल्या, २,४५० मेगाहर्ट्‌झच्या. मात्र भट्टीचा जोर शेकडो वॅटांचा व चहूबाजूंनी कोंडलेला, आणि ह्या दूरध्वनीचा जोर काही थोड्या वॅटांचा व मोकळ्या आकाशात पसरणारा. कूळ एक असले तरी दोघांची ऐपत एक नव्हे.

अशा लहरी देहात शिरल्या असता काय करतात? क्ष-किरणांप्रमाणे त्या पेशींतील अणूंची मोडतोड करीत नाहीत. तेवढी शक्तीच त्यांच्यात नाही. त्या देहातील पाण्याला किंचित ऊब देतात. निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम हाच. ही ऊब रक्त वाहून नेते व ती जागा पूर्ववत होते. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नाही, म्हणून तेथे जपावयाचे. देहाने किती शक्ती शोषावी ह्याची मर्यादा सरकारने घालून दिलेली आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून हिंदुस्थानात मोबाईल यंत्रांकरिता ती मर्यादा कोणत्याही एका ग्रॅम ऊतकाच्या सरासरीने किलोग्रॅमला १.६ वॅट अशी आहे. तत्पूर्वी ती दहा ग्रॅमांच्या सरासरीने २ वॅट होती. मोजण्याचे वजन दहा ग्रॅमांवरून एक ग्रॅमवर आणले ह्यात खरी कडकाई आहे, कारण मोठ्या तुकड्याच्या सरासरीत एखाद्या लहानशा जागेची जास्त ऊब लपून जाते.

बोलता बोलता कान गरम लागतो, त्याने पुष्कळ लोक घाबरतात. ती उष्णता बहुधा यंत्राच्या अंगची व बॅटरीची असते, आणि कान दाबून धरल्याने तेथे वारा लागत नाही हेही कारण असते. लहरींची ऊब इतकी मोठी नसते की हाताला कळावी.

कर्करोगाविषयीही आम्हास विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ च्या मे महिन्यात अशा लहरींना ‘२ ब’ ह्या वर्गात घातले. त्याचा अर्थ, संभव नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित आहे. त्याच वर्गात पूर्व आशियातील लोकांच्या खारविलेल्या भाज्याही आहेत. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा आरोपी संशयित आहे, शिक्षा झालेला गुन्हेगार नव्हे. आणि त्याच्याशी वागावयाचे तेही त्याच बेताने. कामाशिवाय तासन्‌तास कानाशी धरू नये. पण जिवाचा प्रसंग असता ह्या संशयावरून कोणी यंत्र खाली ठेवील, तर तो मोठी चूक करील. गरोदर स्त्रियांनाही आमचे हेच सांगणे आहे.

ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त औषध म्हणजे अंतर. दिव्यापासून दुप्पट दूर गेले असता उजेड चौथाई होतो, तोच हिशेब ढोबळमानाने येथेही लागतो. म्हणून कानाशी धरण्यापेक्षा तारेचे इअरफोन लावून यंत्र हातभर दूर धरणे उत्तम. अँटेना पुरती उघडून वर काढावी. ती डोक्याला, गालाला किंवा डोळ्याला लावू नये; बोलताना तिच्यावर बोटे ठेवू नयेत; मोडकी किंवा साल निघालेली अँटेना असेल तर ते यंत्र वापरूच नये, कारण उघडा भाग कातडीला टेकल्यास चटका बसू शकतो. कमरेला लावावयाचे तर कंपनीने त्याकरिता दिलेल्या खोळीतच लावावे, म्हणजे ठरलेले अंतर आपोआप राहते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. देहाला जे हिताचे तेच बोलणे स्पष्ट होण्यासही हिताचे ठरते. उपग्रह विषुववृत्तावर असल्याने आपल्या खानदेशातून पाहता तो दक्षिणेच्या बाजूच्या आकाशात असतो. माणूस भलत्या दिशेस तोंड करून उभा राहिला, तर अँटेना व उपग्रह ह्यांच्यामध्ये त्याचेच डोके येते. डोक्याने लहरी शोषल्या म्हणजे आवाज तुटतो, आणि माणूस यंत्र आणखी घट्ट दाबून ओरडू लागतो. ओरडून काही साधत नाही. शब्द उपग्रहापर्यंत जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तरास तितकाच; म्हणून आपले वाक्य संपवून क्षणभर थांबावे. निरोप आधी कागदावर लिहून काढावा: गाव, वाट, रोग्याचे वय, लक्षणे, काय पाहिजे. आमच्या अनुभवात लिहून बोलणाऱ्याचे काम दोन मिनिटांत होते व न लिहिता बोलणाऱ्याचे दहा मिनिटांतही होत नाही. जेथे लेखी संदेशाने भागेल तेथे तोच पाठवावा. त्या वेळी यंत्र डोक्यापासून दूरच असते.

आता पेसमेकरविषयी, कारण मास्तरांची हकीकत आम्ही त्याचसाठी सांगितली. माणसाच्या देहात बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये बसविला गेला. आज जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही सभेत तो बाळगणारे दोघे-चौघे भेटतील. हे लहानसे यंत्र हृदयाचे ठोके ऐकत असते, आणि ठोका वेळेवर पडला नाही म्हणजे आपण इशारा देते. ते ऐकते, येथेच मेख आहे. दूरध्वनीच्या लहरी तुटक तुटक झटक्यांनी निघतात. यंत्र अगदी छातीला चिकटले असेल तर पेसमेकर त्या झटक्यांनाच ठोके समजून स्वतः गप्प बसण्याचा संभव असतो. ज्यांच्या छातीत झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारे, म्हणजे डिफिब्रिलेटर नावाचे यंत्र असते, त्यांच्या बाबतीत उलट प्रकार, म्हणजे नको तेव्हा झटका बसण्याचा प्रकार, संभवतो. आजच्या यंत्रांना धातूचे कवच व गाळण्या असतात, त्यामुळे असे क्वचितच घडते. आणि घडलेच तरी दूरध्वनी दूर केला की पेसमेकर पुन्हा आपल्या कामास लागतो. यंत्र कायमचे बिघडले असे होत नाही.

म्हणून नियम सोपा आहे. दूरध्वनी चालू असो की नुसता जागा असो, तो पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीपेक्षा थोडे कमी, दूर ठेवावा. आम्ही आमच्या मंडळींस पुरी वीतच सांगतो; बोटांनी मोजलेले लक्षात राहते. छातीच्या खिशात तो कधीही घालू नये. पेसमेकर ज्या बाजूस असेल तिच्या उलट बाजूच्या कानाशी धरावा. इअरफोन असल्यास अधिकच बरे. एवढे पाळून पेसमेकरवाल्याने हा दूरध्वनी वापरण्यास हरकत नाही. ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी अधिक अंतर सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे, व यंत्राचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे.

बोलत असता चक्कर आली किंवा छातीत धडधडले, तर यंत्र तत्काळ दूर करावे व खाली बसावे. त्याने बरे वाटले तर तसे डॉक्टरांच्या कानावर घालावे. न वाटले तर दवाखाना गाठावा. आणि वैशाखातल्या खानदेशात चक्कर येण्याचे कारण दूरध्वनीपेक्षा ऊन असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे, हे विसरू नये. डिफिब्रिलेटरवाल्यास एक झटका बसून नंतर स्वस्थ वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. एकापाठोपाठ झटके बसले, अथवा एका झटक्यानंतरही जीव घाबराच राहिला, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

लोहचुंबकाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. गाडीच्या टपावर बसविण्याची जी बाहेरची अँटेना येते, तिच्या बुडाशी पुष्कळदा जबर चुंबक असतो. पेसमेकर व डिफिब्रिलेटर ह्यांची चाल चुंबकाने बदलते. डॉक्टर स्वतः तपासणीत चुंबकाचा उपयोग करतात तो ह्याचमुळे. तेव्हा ती अँटेना छातीशी कवटाळून गाडीवर चढविण्याचे काम पेसमेकरवाल्याने करू नये. खिशातल्या पाकिटांना, मोबाईलच्या झाकणांना व कानातल्या बोंडांच्या डब्यांनाही हल्ली चुंबक असतात, त्यांनाही वितीचाच नियम. बाहेरची अँटेना चालू असता कोणीही तिच्यापासून २० सेंटीमीटरांच्या आत राहू नये. कंपनीच्या पुस्तिकेत अधिक अंतर असेल तर तितके राखावे.

बाकीच्या साधनांविषयी थोडक्यात. श्रवणयंत्रात गुणगुण ऐकू येते. ती त्रासदायक खरी, अपायकारक नव्हे. कान बदलावा किंवा दुसऱ्याने बोलावे. कानात शस्त्रक्रियेने बसविलेल्या श्रवणयंत्राचेही तसेच. इन्सुलिनचा पंप बाळगणाऱ्याने पंपाच्या कंपनीने सांगितलेले अंतर राखावे व दूरध्वनी त्याच खिशात ठेवू नये. हाडातली धातूची पट्टी, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, हृदयाच्या धमनीतला स्टेंट, डोळ्यातले भिंग ह्यांत थांबण्यासारखी विजेची क्रियाच नाही. त्यांच्यामुळे दूरध्वनीच्या साध्या वापरास अडचण येत नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण पायात सळई असलेल्या एका गड्याने आम्हास हाच प्रश्न तीन वेळा विचारला होता.

शिबिरातील यंत्रांकरिता आम्ही स्वतंत्र नियम केला आहे. नव्या वैद्यकीय यंत्रांच्या पुस्तिकांत बिनतारी साधने ३० सेंटीमीटरांहून जवळ आणू नयेत, असे बहुधा लिहिलेले असते. परंतु आमच्या शिबिरांत दानातून आलेली जुनी यंत्रे असतात, त्यांच्या पुस्तिका केव्हाच हरवलेल्या असतात. म्हणून हृदयाचा आलेख, सलाईनचा पंप, प्राणवायूचे यंत्र व अर्भकाला ऊब देणारे साधन ह्यांच्यापासून दोन मीटरच्या आत उपग्रह-दूरध्वनी चालू स्थितीत न्यावयाचा नाही. तंबूत त्याला आकाश दिसत नाही, म्हणून बोलणे होत नाही. पण तो जागा असेल तर उपग्रहाचा माग काढीत मधून मधून लहरी सोडू शकतो, हे त्या तरुणाला ठाऊक नव्हते. आता तंबूच्या दाराशी खुंटीला कापडी पिशवी टांगलेली असते. यंत्र बंद करून तीत ठेवावयाचे, मग आत जावयाचे.

ह्या यंत्राला मोकळे आकाश लागते, त्यातून आणखी एक धोका निघतो. वळिवाच्या दिवसांत वारा-वीज सुरू झाली असता उंच टेकाडावर एकटे उभे राहून बोलणे जिवावर बेतू शकते. वीज यंत्राला पाहून येत नाही, उंच जागी उभ्या असलेल्या माणसावर येते. वादळ ओसरेपर्यंत थांबावे, व गाडीवरच्या अँटेनाची तार काढून ठेवावी. उन्हाविषयी सांगावयाचे तर भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, आणि लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांवर भारित करू नयेत असा नियम आहे. जीपच्या काचेमागे तर ह्याहून पुष्कळ अधिक तापते. तेथे ठेवलेली बॅटरी फुगते, क्वचित पेटही घेते. फुगलेली बॅटरी खिशात घालणाऱ्याला कोणत्याही लहरींची भीती उरत नाही. सावली पुरे, पाण्याच्या बाटलीला गुंडाळतो तसे ओले फडके मात्र ह्या यंत्राला गुंडाळू नये.

सर्वांत गंभीर इशारा विहिरींच्या कामावर आहे. दुष्काळात आमच्या भागात विहिरी खोल करावयाच्या म्हणजे काळ्या पाषाणात सुरुंग लावावयाचा. विजेने उडणाऱ्या केपांच्या तारा अँटेनाप्रमाणे लहरी गोळा करू शकतात. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यास बिनतारी लहरींनी दुरून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. सभागृहात ती करामत ठरली, विहिरीच्या काठावर ती मृत्यू ठरेल. विजेच्या केपा वापरातून काढण्याकडे आता कल आहे हे खरे, पण कंत्राटदाराच्या पेटीत काय आहे हे आमच्या स्वयंसेवकास दिसत नाही. म्हणून सुरुंगाच्या कामाची पाटी किंवा लाल निशाण दिसताच उपग्रह-दूरध्वनी बंद करावा, आणि परवानाधारक सुरुंगवाल्याने जागा मोकळी झाल्याचे सांगितल्याखेरीज तो चालू करू नये. टँकरमध्ये किंवा पंपात इंधन भरतानाही तो बंद असावा.

आता कायद्याचा भाग. हा विषय आमच्या धंद्यातला, आणि वर्गणीदारांच्या एका सद्‌भावनेमुळे लिहिणे अगत्याचे झाले आहे. परदेशी असलेल्या आमच्या काही खानदेशी बंधूंनी असा दूरध्वनी समितीस भेट देण्याची इच्छा कळविली. त्यांचे आम्ही ऋणी आहो. पण कृपा करून पाठवू नये व येताना सोबत आणू नये. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तार कायदा ह्यांच्या अमलात परवानगीवाचून असे यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा संमत झाला व २०२४ च्या जूनपासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. परवानगीचे तत्त्व त्यानेही सोडलेले नाही. थुराया व इरिडियम ह्यांची यंत्रे तर आपल्याकडे निषिद्धच ठरविली गेली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांच्या नौकेत थुरायाचा दूरध्वनी सापडला, तेव्हापासून सरकारची नजर अधिकच कडक झाली. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशा साधनांपायी पोलिसांना तोंड द्यावे लागले. डोंगरात वाट चुकू नये म्हणून लोक जे लहानसे उपग्रह-संदेशयंत्र जवळ ठेवतात, तेही ह्यात येते.

कायदेशीर वाट एकच आहे. २०१७ च्या मे महिन्यात भारत संचार निगमने इन्मारसॅटच्या साहाय्याने ही सेवा सुरू केली. तीतून सरकारी खाती, आपत्तीचे काम करणारी दले व रीतसर परवानगी मिळालेल्या संस्था ह्यांना यंत्र मिळू शकते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यासच असते, ही आमच्या भागाची सोय म्हणावयाची. समितीने स्वतःचे यंत्र घेतलेले नाही. पथकाचे यंत्र पथकाच्या ताब्यात राहावे, आमच्या माणसाने त्यांच्या सांगण्यावरून ते वापरावे, आणि ते वापरणारा माणूसच आडवा झाला तर काय करावयाचे हे निघण्यापूर्वी त्या पथकाशी बोलून ठरवावे, असा आमचा ठराव आहे. मास्तरांच्या प्रसंगापूर्वी हा शेवटचा भाग आमच्या ठरावात नव्हता.

दुष्काळातला निरोप किती मोलाचा, हे खानदेशाला नवे नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत आगगाडीच्या तारेपर्यंत निरोप पोहोचला म्हणजे धान्याची हालचाल होई, आणि तारेपासून डोंगरापर्यंतची वाट माणसाला पायांनीच तोडावी लागे. तार गेली, आगगाडी राहिली, आणि शेवटच्या दहा कोसांचा प्रश्न कित्येक पाड्यांवर अजून तसाच आहे.

तूर्त आमची मागणी मोठी नाही. सातपुड्याच्या प्रत्येक शिबिरास तारेचे दोन इअरफोन, जाड कापडाची एक पिशवी, मोजण्याची फीत, आणि मोठ्या अक्षरांत छापलेला एक तक्ता, एवढे साहित्य लागते. तक्ता मराठीत छापून तयार आहे. पावरी व भिल्ली बोलीत तो वाचून दाखविणारी माणसे आम्हास पाहिजे आहेत. ज्या स्वयंसेवकांच्या देहात पेसमेकर, डिफिब्रिलेटर, इन्सुलिनचा पंप अथवा श्रवणयंत्र असेल, त्यांनी निघण्यापूर्वी तसे चिटणिसांस कळवावे. त्यांना कामावरून वगळण्याचा हेतू नाही; कोणत्या कानाशी यंत्र धरावयाचे, तेवढे त्यांच्या नावापुढे लिहून ठेवावयाचे आहे. मास्तरांच्या नावापुढे ‘उजवा’ असे लिहिले आहे, आणि येत्या चैत्रात ते पुन्हा त्याच पाड्यावर जाणार आहेत.

कळावे.